पॉलिशिंग मशीनसाठी बॅकिंग प्लेट आणि फोम पॅड कसे निवडावेत

मशीन घेताना लोक महिनाभर चौकशी करतात आणि पॅड मात्र दुकानदार पुढे करेल तो उचलतात. सांगलीत मी गाड्यांचं डिटेलिंग करतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना पहिली गोष्ट सांगतो ती हीच: गाडीच्या रंगाला टेकतो तो फक्त पॅड, आणि तो नीट टेकणार की नाही हे त्याच्यामागची प्लेट ठरवते. म्हणून आधी प्लेट बघा, मग पॅड.

प्लेटमध्ये सगळ्यात आधी आटे तपासायचे. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक रोटरी, म्हणजे एकाच जागी गोल फिरणाऱ्या, मशीनच्या स्पिंडलला (प्लेट बसते त्या दांड्याला) एम १४ चे आटे असतात. अमेरिकेतून कुणी आणून दिलेली रोटरी असेल तर ५/८ इंची आटे निघतात आणि इथली प्लेट त्यावर बसत नाही. तिथे घोळ लगेच कळतो. खरी काळजी घ्यायची ती ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीनला; यात प्लेट गोल फिरता फिरता आडवीही हलते. काही डीएंना एम ८ चा बोल्ट लागतो, काहींना ५/१६ इंची, इंचाला २४ आट्यांचा. दोन्ही जाडीला जवळजवळ सारखेच, ८ मिमीच्या आसपास. पण एम ८ ची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी आणि दुसऱ्याची साधारण १.०६ मिमी. चुकीचा बोल्ट एक-दोन आटे आत जातो आणि अडतो. तिथे पाना लावून जोर केला की स्पिंडलचे आटे गेलेच म्हणून समजा. बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरत जायला हवा, पाना फक्त शेवटी आवळायला.

चार इंची ग्राइंडरला बसणारे एम १० चे पॅड सेट बाजारात स्वस्त मिळतात. ते घेऊ नका. असा ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेऱ्या मारतो. रोटरीवर १५० मिमीचा पॅड १,५०० फेऱ्यांनी फिरला तर त्याची कड सेकंदाला जेमतेम १२ मीटर धावते. ग्राइंडरवर १०० मिमीच्या पॅडची कड ५७ मीटर. कंपनीच्या क्लिअर कोटची, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराची, जाडी साधारण ४०-५० मायक्रॉन असते. त्याच्यावर हा खेळ नको.

मापाचं म्हणाल तर प्लेट पॅडपेक्षा थोडी लहान हवी. १२५ मिमीच्या प्लेटला १४० ते १५० मिमीचा पॅड बरोबर बसतो, म्हणजे चहूबाजूंनी बोटभर फोम बाहेर राहतो. दोन्ही एकाच मापाचे घेतले तर नंबरप्लेटच्या खाचेत किंवा दाराच्या हँडलपाशी प्लेटची कड रंगाला घासते, आणि तो ओरखडा पॉलिशने निघत नाही. फोम फारच बाहेर आला तर त्या कडेला मागून आधार उरत नाही. तिथे कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) नुसतं साचतं.

डीएवर मनाने वेगळ्या मापाची प्लेट लावू नका. या मशीनमध्ये प्लेट मध्यबिंदूपासून बाजूला बसवलेली असते आणि तिचा तोल सांभाळायला आत काउंटरवेट असतं. थ्रो म्हणजे प्लेट आडवी जितकी हलते ते अंतर; १५ मिमी किंवा २१ मिमी थ्रोच्या मशीनचं काउंटरवेट ठरावीक मापाच्या, ठरावीक वजनाच्या प्लेट-पॅडसाठी जुळवलेलं असतं. १५० च्या जागी ७५ मिमीची प्लेट चढवली की हाताला मुंग्या येतील इतकं मशीन थरथरतं आणि बेअरिंग लवकर जातं. आरशाच्या मागे, पिलरवर काम करायचं असेल तर त्यासाठी लहान मशीन वेगळंच ठेवा.

नवीन प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. पॅड लावून बोनेटवर मशीन चालवा आणि रेघेकडे लक्ष ठेवा. रेघ सावकाश फिरताना दिसली तर ठीक. ती जागेवरच थरथरत राहिली तर पॅड फिरत नाही, नुसता हलतो आहे. मग दाब कमी करा, मशीन सपाट धरा. तरीही फिरत नसेल तर त्या थ्रोला तुमचा पॅड जाड किंवा मोठा पडतो आहे.

आता पॅड. फोमच्या रंगावर अजिबात जाऊ नका. ‘निळा पॅड द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक मी रोज ऐकतो. रुपेस कंपनीच्या रांगेत निळा फोम सगळ्यात कडक, कापणारा. थ्रीएमच्या रांगेत निळा सगळ्यात मऊ, शेवटचा हात फिरवायचा. रुपेसचा पिवळा फिनिशिंगकडचा, लेक कंट्री कंपनीचा पिवळा कटिंगचा. त्यामुळे पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग की फिनिशिंग लिहिलंय ते वाचा, आणि सुटा पॅड असेल तर हाताने पारखा.

पारखायचं असं. अंगठ्याने मधोमध दाबा आणि सोडा. चांगला फोम लगेच वर येतो. अंगठ्याचा खळगा रेंगाळला तर तो पॅड उन्हाळ्यात अर्धी गाडी होईपर्यंतच चपटा होईल. मग फोमला तोंड लावून फुंकर मारा. हवा आरपार गेली तर छिद्रं उघडी आहेत: असा पॅड थंड राहतो, पण कंपाउंड जास्त पितो. हवा अडली तर बंद छिद्रांचा फोम. त्यावर पॉलिश वरच टिकून राहतं. शेवटी पॅडमागच्या वेल्क्रोची कड नखाने उचलून बघा. चिकटवलेलं तिथेच सुटायला लागलं तर पॅड परत द्या.

जाडीचा हिशेब मशीनवर. डीएवर साधारण २५ मिमीपर्यंतचा पॅड घ्या. ८ मिमी थ्रोच्या मशीनची प्लेट ८ मिमी हलते, पण जाड मऊ फोममध्ये त्यातली बरीच हालचाल आतच जिरते आणि तिची नुसती उष्णता होते. रोटरीला जाड पॅड चालतो, उलट बरा पडतो, कारण वळणावर तो दबतो. डीएच्या पॅडला मधोमध भोक असलं तर अवश्य घ्या. सगळ्यात जास्त उष्णता तिथेच कोंडते आणि वेल्क्रोचे आकडे तिथूनच वितळतात.

आमच्याकडे बहुतेक गाड्या बोअरच्या पाण्याने धुतल्या जातात. बोनेटवर आणि टपावर क्षाराचे गोल डाग बसलेले असतात. असे डाग बघून थेट कटिंग पॅडकडे हात नेऊ नका. आधी डाग काढायचं द्रावण वापरा, क्ले (रंगाला चिकटलेली घाण उचलणारी माती) फिरवा, मग मधल्या ग्रेडच्या फोमने दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यावर चाचणी घ्या. पुष्कळदा तेवढ्यातच काम होतं. नाहीच झालं तर फक्त पॅड एक पायरी कडक करा, कंपाउंड तेच ठेवा; म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं.

एका सेडानला मधल्या ग्रेडचे निदान चार पॅड हाताशी हवेत, कटिंगचे दोन, फिनिशिंगचे दोन. एकच पॅड सगळ्या गाडीभर ओढला तर तो तापतो, कंपाउंडने भरतो आणि स्वतःच बारीक ओरखडे पाडायला लागतो. दर तुकड्यानंतर नायलॉनच्या ब्रशने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने पॅड साफ करा. क्लिअर कोट नसलेल्या जुन्या सॉलिड रंगाच्या गाडीवर पॅडला गाडीचाच रंग लागतो. गाडी लाल असेल तर पॅड लाल होणार, त्याला घाबरू नका, पण पॅड लवकर बदला.

काम संपलं की पॅड प्लेटवरून काढून ठेवा, नाहीतर वेल्क्रोची लव चपटी होते. कोमट पाण्यात थोडं डीग्रीझर घालून हाताने दाबून धुवा, पिळू नका. वाळवताना फोम खाली आणि वेल्क्रो वर ठेवा, म्हणजे पाणी गोंदापाशी साचत नाही. वाळवणही सावलीतच, मग झाकणाच्या डब्यात, प्रत्येक ग्रेडचा डबा वेगळा.