कामगारांचा हुरूप का जातो? या चुका टाळा

जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत उत्पादन घसरलं की पहिलं वाक्य ठरलेलं: "पोरांचं कामात लक्षच नाही." हा निष्कर्ष बहुतेक वेळा घाईचा असतो.

डाळ मिलचंच घ्या. तूर ओलसर आली की साल नीट सुटत नाही. ऑपरेटर दिवसभर रोलशी झटतो आणि संध्याकाळी बोलणी त्यालाच बसतात, तीही हमालांसमोर. असं दोन-चारदा झालं की मशीनचा आवाज बदलला तरी तो सांगायला येत नाही. सांगून काय उपयोग? इथे आधी माल बिघडला, मन नंतर. म्हणून कुणालाही कामचुकार ठरवण्याआधी माल, मशीन आणि उजेड तपासा. आणि चूक दाखवायचीच तर बाजूला घेऊन दाखवा.

दुसरी चूक, सगळं पैशावर सोडणं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेलं निरीक्षण आजही लागू पडतं: पगार आणि कामाची परिस्थिती वाईट असेल तर नाराजी येते, पण ती सुधारली म्हणून हुरूप आपोआप येत नाही. तो काम जमल्याच्या समाधानातून, दखल घेतल्यातून, जबाबदारी मिळाल्यातून येतो. याचा अर्थ पगार लांबवला तरी चालेल असा मुळीच नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा पत्र्याखाली पंखा आणि थंड पाणी नसेल, तर कौतुकाचे चार शब्दही माणसाला टोचतात. कायद्याने पात्र कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस मिळतो. तो उपकार केल्यासारखा हातावर ठेवू नका.

इन्सेंटिव्ह फक्त नगांवर ठेवू नका. चटईच्या कारखान्यात नग वाढतात, पण कडा सैल सुटतात आणि माल परत येतो. चांगला निघालेला नगच मोजा.

आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) रजा ऐनवेळी नाकारणं तर आपल्याकडे हमखास महागात पडतं. लेकी माहेरी येतात, गावी घर भरलेलं असतं. माणूस अडवला तरी त्याचं चित्त कामात नसतं, किंवा तो न सांगता जातो. महिनाभर आधी रजेची यादी मागवा. जे थांबतील त्यांना पोळ्याची किंवा दिवाळीची रजा आधी द्या, आणि ते त्याच दिवशी फळ्यावर लिहून टाका.