बंदरावरचा उजेड शिकायचा असेल तर

आर्किटेक्चर करून लाइटिंग डिझाइनकडे वळणारी मुलं हल्ली बरीच भेटतात आणि बहुतेकांच्या पोर्टफोलिओत हॉटेलची लॉबीच असते. लॉबीला माझं काही म्हणणं नाही. मी जर्मनीत विस्मारला मास्टर्स केलं (शिकवतात इंग्रजीत, पण जर्मन शिकाच, साइटवरच्या इलेक्ट्रिशियनपुढे इंग्रजी चालत नाही). खरं शिक्षण झालं ते हॅम्बुर्गच्या धक्क्यांवर हिंडताना.

तिथे जुन्या बंदराच्या जागेवर हाफेनसिटी वसवलीय, १५७ हेक्टरची. शेजारी श्पायशरश्टाट, म्हणजे लाल विटांची जुनी गोदामं. त्यांची प्रकाशयोजना मिखाएल बात्स यांची, २००१ची. त्यांनीच २००८मध्ये ‘ब्लू पोर्ट’ केलं. क्रेन, पूल, धक्के, सगळं काही रात्रींपुरतं निळं.

माणूस एकच, पण रीत उलटी. गोदामांवर पिवळसर उजेड टाकलाय, कारण लाल वीट निळा प्रकाश पिऊन टाकते आणि भिंत काळीठिक्कर दिसते. घरी निळा बल्ब लावून बघा. म्हणूनच ब्लू पोर्टमध्ये निळ्या नळ्या सांगाड्यांच्या कडेने जातात. उजेड कशावर पाडायचा नाही, नळीच दिसायला हवी. आणि लाल-हिरवा का नाही? ते रंग जहाजांचे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. रात्री बोट आत आणणाऱ्या पायलटला सजावटीतला लाल दिवा म्हणजे निव्वळ डोकेदुखी.

दुसरं, पाणी. हॅम्बुर्गला भरती-ओहोटीत एल्ब नदी साडेतीन मीटरहून जास्त चढते-उतरते. रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या चित्रात, जिथे झकास प्रतिबिंब असतं, तिथे ओहोटीला शेवाळलेली भिंत उघडी पडलेली असते. फिक्श्चर, म्हणजे दिव्याचं युनिट, भरतीच्या रेषेखाली असेल तर आयपी ६७ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी) पुरत नाही, ते थोडा वेळ बुडण्यापुरतंच असतं. तिथे आयपी ६८च लागतं.

उजेडाचा हिशेब करणारं डायलक्स सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिकाच. पण नोकरी मिळते मॉकअपवर, म्हणजे जागेवर करून पाहिलेल्या चाचणीवर. एक फिक्श्चर, लांब वायरचा बोर्ड, उजेड मोजणारा लक्समीटर आणि रात्री खरीखुरी भिंत. मुलाखतीत माझ्या रेंडरवरून पानं भराभर उलटली गेली, विटेवरच्या चाचणीच्या फोटोंवर मात्र प्रश्न संपेनात.

मुंबईत असाल तर भाऊच्या धक्क्यावर संध्याकाळी जा, भरतीचं वेळापत्रक बघून. कॅमेरा काढण्याआधी परवानगीचं विचारा, बंदराच्या हद्दीत रखवालदार हटकतात.