एअरब्रशचा कॉम्प्रेसर: पावसाळ्याचा विचार करून घ्या

बेळगाव, खानापूर भागात घरगुती गणपती रंगवण्याचे दिवस ऐन पावसाळ्यात येतात. त्यामुळे छंदापुरता एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन, घेणाऱ्याने त्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर निवडताना दाबाइतकाच ओलाव्याचाही विचार करावा.

दाब फार लागत नाही. ०.३ मिमीच्या नोझलला (रंग बाहेर पडतो त्या टोकाला) १५ ते ३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुरतो. म्हणून गॅरेजमधला मोठा कॉम्प्रेसर नको, आणि गाडीच्या टायरात हवा भरायचा पंप तर नकोच. तो धक्क्याधक्क्याने हवा देतो आणि थोड्याच वेळात तापतो. तेल न लागणारा, आपोआप बंद-चालू होणारा छोटा पिस्टन कॉम्प्रेसर घ्या, आणि सोबत तीन लिटरची टाकी असलेलाच घ्या. टाकीमुळे हवा एकसारखी येते, मोटारीला विश्रांती मिळते. बिनटाकीचा स्वस्त पडतो, पण मूर्तीचे डोळे, भुवया रेखताना रेघ थरथरते.

आता ओलावा. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि तो थेंब थेट ताज्या रंगावर उडतो. मग तो भाग पुसून पुन्हा रंगवण्याशिवाय गत्यंतर नसतं. दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरला वॉटर ट्रॅप, म्हणजे हवेतलं पाणी अडवणारा भाग, हवाच. पावसाळ्यात एअरब्रशच्या खाली आणखी एक छोटा ट्रॅप लावा. काम संपलं की टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढा, नाहीतर टाकी आतून गंजते.

नळी घेताना तिचे आटे एअरब्रशला बसतात का, हे दुकानातच लावून बघा. आणि खिडकी उघडी ठेवून, चांगला रेस्पिरेटर मास्क लावूनच फवारा.