वर्कशॉपमधला घातक कचरा: साठवताना आणि पाठवताना या चुका टाळा

नव्या ऑइलच्या बॅरलला कुलूप असतं, बिल असतं, स्टोअरवाल्याची सही असते. तेच ऑइल मशीनमधून काळं होऊन बाहेर आलं की शेडच्या मागे, उघड्यावर, बूच ढिलं. आता ते भंगार, मग त्याची कसली काळजी! बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

सगळं एकाच बॅरलमध्ये ओतणं. या चुकीवर माझा विशेष राग आहे. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये काळ्या ऑइलचं बॅरल होतं. पेंटिंगवाल्या पोराचा कॅन भरला, म्हणून त्याने उरलेलं थिनर त्यात ओतलं. कोणीतरी कूलंटही रिकामं केलं. वर पावसाळा. बॅरल उभं असलं की झाकणावर पाणी साचतं. दिवसा बॅरल तापतं, रात्री गार होतं आणि गार होताना ढिल्या बुचातून तेच पाणी आत ओढून घेतं. ऑइल न्यायला आलेल्या रिसायकलरच्या माणसाने काठी बुडवून बाहेर काढली, तर तिच्यावर चहाच्या रंगाचा थर. बूच नाकाशी नेलं तर थिनरचा भपका. त्याने गाडी रिकामीच वळवली.

मालकांनी आधी त्याच्याशी भांडण काढलं, मग हळूच “रात्री नाल्यात सोडून देऊ” असं सुचवलं. अशा सूचनेला मी उत्तरही देत नाही. शेवटी सॅम्पल तपासून माल रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात जाळायला पाठवावा लागला. ज्याचे पैसे मिळणार होते, त्याचेच पैसे भरावे लागले. पोराचा ‘थोडंसंच होतं’ हा धोशा मात्र शेवटपर्यंत चालू होता. थोडंसंच लागतं हो, मिठाचा खडा असाच असतो.

माझी सवय साधी आहे: ऑइल, कूलंट, थिनर यांची वेगळी बॅरलं, वेगळ्या रंगाचे पट्टे आणि प्रत्येकाचं वेगळं नरसाळं. नरसाळं बॅरललाच साखळीने बांधून ठेवा, नाहीतर ते फिरत राहतं. बॅरल छपराखाली, ट्रेमध्ये, बूच घट्ट.

थिनर किंवा ॲसिड पाण्याच्या बाटलीत. नाही म्हणजे नाही. लेबल लावूनही नाही. तहानलेला माणूस लेबल वाचत नाही.

कागदी लेबल. २०१६च्या घातक कचरा नियमांप्रमाणे लेबल चकचकीत पिवळं, त्यावर लाल अक्षरं, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्ही भाषांत आणि पाण्याने न धुपणारं हवं. प्रिंटरवर काढून सेलोटेपने चिकटवलेलं लेबल पहिल्या पावसात जातं. भरायला सुरुवात केल्याची तारीखही पेंटने लिहा. माल ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते.

चिंध्यांचा ढीग. इंजिन ऑइलच्या चिंध्या सहसा आपोआप पेटत नाहीत, पण अळशीच्या तेलाच्या, म्हणजे लाकडाच्या पॉलिशच्या, चिंध्या ढिगात आतून तापतात आणि पेटतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी घालून ठेवा.

फुटलेली ट्यूबलाइट झाडूने लोटणं. पारा घरभर पसरतो. खिडक्या उघडा, जाड कागदाने गोळा करा.

बॅटऱ्या टेम्पोत कशाही फेकणं. घाईवाल्यांची ही आवडती चूक. एकदा एकाने जुन्या लेड-ॲसिड बॅटऱ्या आडव्या टाकल्या आणि वर पान्ह्यांची पिशवी ठेवली. स्पीडब्रेकरवर पिशवी उलटली, एक पान्हा दोन टर्मिनलांवर आडवा पडला. ठिणगी उडाली, मग पिशवी वितळल्याचा वास, मग खालच्या पत्र्यावर फेसाळणारं ॲसिड. ड्रायव्हर धावला तो पाण्याची बाटली घेऊन. सांडलेलं ॲसिड मारायला खायचा सोडा लागतो. तो कोणाच्याच गाडीत नसतो, माझ्या गाडीत गोणीभर असतो.

बॅटरी उभीच न्यायची, टर्मिनलांवर टेप, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, हत्यारं दुसरीकडे. ॲसिड सांडून वजन हलकं करणाऱ्या भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवा. नवी बॅटरी घेताना जुनी दुकानदाराला द्या, तेवढं डोकं पुरे.

कागदाशिवाय गाडी सोडणं. कारखान्यातून घातक कचरा बाहेर पडतो तो नमुना १० च्या मॅनिफेस्टवर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, सात प्रतींत. पिवळी प्रत ट्रान्सपोर्टरची सही घेऊन आपल्याकडे ठेवायची. निळी माल घेणाऱ्याकडून परत यायला हवी. पिवळी फाइलला लावून लोक निळीला विसरतात. ती आली नाही तर माल उतरला कुठे, हे आपल्याला ठाऊकच नसतं. आठवड्यात आली नाही तर मी फोन करतो, आणि ड्रायव्हरला नाही, थेट घेणाऱ्याच्या गेटवर.