नेट रडतंय? आधी केबल लावून बघा

कंपनीला फोन करण्याआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड मोजा. पूर्ण वेग मिळाला तर दोष लाइनचा नाही, वायफायचा. राउटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा. वायफायच्या दोन बँडपैकी (लहरींचे पट्टे) जवळ ५ गिगाहर्ट्झ वेगवान, भिंतींपलीकडे २.४ बरं. (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर डाउनलोड सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट दिसतं, ती फसवणूक नव्हे.)

केबलवरही रडगाणं तेच? दुपारी आणि रात्री ९ ला मोजून स्क्रीनशॉट ठेवा. फक्त रात्रीच मंदावत असेल तर बहुधा गर्दी आहे, प्लॅन वाढवून उपयोग नाही. शेजाऱ्यांकडे कुठलं फायबर नीट चालतं ते विचारा. फायबर नसेल तर ५जी एअरफायबर, म्हणजे मोबाइल टॉवरवरून वायरीशिवाय येणारं घरचं नेट. पण आधी ज्या कंपनीचं एअरफायबर घेणार तिच्याच सिमचा हॉटस्पॉट रात्री घरात चालवून पाहा आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका.