महारेरा एजंट परीक्षा: बाजाराची सवय पेपरात नेऊ नका, या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासवरच्या माझ्या छोट्या ऑफिसात दर रविवारी सकाळी पाच-सात जण महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामक प्राधिकरणाच्या, एजंट परीक्षेचा अभ्यास करायला जमतात. कुणी वाळूजचं, कुणी पैठणचं, एक जण तर जालन्याहून येतो. मध्यंतरी एक काका आले. प्लॉटिंगच्या धंद्यात बावीस वर्षं घालवलेला माणूस. सातबारा हातात घेतला की फेरफारात कुठं घोळ आहे ते बोट ठेवून दाखवतात. त्यांना सरावाचा पेपर दिला, तर 100 पैकी 34 पडले. पास व्हायला 40 लागतात.

आम्ही दोघं चुकलेले प्रश्न एकेक करून बघायला बसलो. पाठांतराच्या चुका दोन-चारच होत्या. बाकी सगळीकडं काकांनी आपल्या बाजारात जे चालतं ते उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो: अनुभवी माणसाला या परीक्षेत त्याचा अनुभवच आडवा येतो. पेपर विचारतो कायदा काय म्हणतो, आणि आपला हात जातो रोजच्या व्यवहाराकडं.

इसाराचंच, म्हणजे सौदा ठरवताना आगाऊ घेतलेल्या पैशाचंच घ्या. प्रश्न होता, नोंदणीकृत विक्री करार करण्याआधी बिल्डरला जास्तीत जास्त किती रक्कम घेता येते? काकांनी 20 टक्क्यांवर खूण केली होती. मी विचारलं, "हे कुठून आणलं?" ते म्हणाले, "भाऊ, पहिल्यापासून वीसच ऐकत आलो. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं इसार पावतीवर निम्मे पैसे घेतात, वीस तर कमीच लिहिले मी." वीसचा आकडा त्यांनी हवेतून आणला नव्हता. 1963 च्या मोफा, म्हणजे राज्याच्या जुन्या फ्लॅट कायद्यात तो आहे. पण 2016 च्या रेरा, म्हणजे रिअल इस्टेट कायद्याचं कलम 13 सांगतं 10 टक्के. जुन्या माणसांची उत्तरं इथं हमखास चुकतात, कारण दोन्ही कायदे त्यांच्या डोक्यात एकत्र बसलेले असतात. वहीच्या एका पानावर मोफा आणि रेरा शेजारी शेजारी लिहून काढा. हे एक पान केलंत तरी काही गुण नक्की वाचतात.

दुसरी मोठी चूक नोंदणीच्या मर्यादेची. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाला नोंदणी लागत नाही. यातल्या "किंवा" या शब्दावर प्रश्न येतो. 800 चौरस मीटर जागेवर सहा फ्लॅट असतील तर नोंदणी लागेल का? आपण पटकन "हो" म्हणतो, कारण जागा मोठी दिसते. पण दोन्हीपैकी एक अट बसली तरी सूट मिळते, म्हणून उत्तर "नाही".

मराठवाड्यातल्या माणसाची खरी अडचण याच्याही पुढची आहे. आपण गुंठ्यात विचार करतो आणि पेपर चौरस मीटरमध्ये. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, साधारण 101.17 चौरस मीटर. पाच गुंठे केले की 505.85 च्या आसपास येतात, म्हणजे पाच गुंठ्यांचा तुकडा पाडून प्लॉट विकायला काढले की 500 ची रेषा ओलांडली. "पाच गुंठे म्हणजे पाचशे मीटर" हे आपलं तोंडी गणित इथं सहा मीटरनं फसतं. आणि प्लॉटिंग रेरात येत नाही हा समज तर आपल्या शहरातल्या सातारा परिसरापासून लातूरच्या औसा रोडपर्यंत ऐकायला मिळतो. कलम 3 मध्ये "प्लॉट" हा शब्द सरळ लिहिलेला आहे.

गुंठेवारीबद्दल, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटबद्दल, थोडं थांबून सांगतो, कारण इथं लोकांची आयुष्यभराची पुंजी अडकते. 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली एखादा 20 बाय 30 चा प्लॉट महापालिकेनं नियमित केला, तर ते त्या जुन्या प्लॉटपुरतं झालं. त्याचा अर्थ तिथली नवी प्लॉटिंग महारेराकडं नोंदलेली आहे असा होत नाही. ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण झालेली नाही, त्यातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला एजंटानं मदत करायची नाही, हे कलम 10 मधलं एजंटाचं पहिलं कर्तव्य. तसंच, महारेरा क्रमांक मिळाला म्हणजे जमीन निर्वेध झाली असंही समजू नका. आपल्या भागात इनामाच्या, देवस्थानच्या, वक्फच्या जमिनी ठिकठिकाणी आहेत, निजामकाळातले उर्दू कागद आजही बाहेर पडतात. महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्पाच्या पानावर वकिलाचा टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी हक्काचा अहवाल असतो. तो ग्राहकाच्या हातात पडेल हे बघणं आपलं काम. पेपरात या अंगानं प्रश्न आला तर "माहिती देणं ही फक्त बिल्डरची जबाबदारी" हा पर्याय खोडून टाका.

उलट बाजूनंही लोक चुकतात. रेरा आला म्हणजे भाड्याच्या घरापासून जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीपर्यंत सगळ्याला एजंट नोंदणी लागते, असं उत्तर देतात. कलम 9 बोलतं ते नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीबद्दल.

कार्पेट एरियाचं, म्हणजे फ्लॅटच्या आतल्या वापराच्या क्षेत्रफळाचं गणित माझं स्वतःचं चुकलं होतं, म्हणून ते आकड्यांसकट देतो. समजा फ्लॅटमध्ये आतली वापराची जागा 540 चौरस फूट, खोल्यांमधल्या आतल्या भिंती 20, बाल्कनी 45, बाहेरच्या भिंती 35. उत्तर 560. आतल्या भिंती धरायच्या. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडायची. मी बाल्कनी मिळवून 605 लिहिलं होतं, कारण साईटवर ग्राहकाला दाखवताना बाल्कनी आपण खोलीतच मोजतो. जिना-लिफ्टसारखी सामायिक जागाही धरणारा सुपर बिल्टअप हा शब्द तर परीक्षेपुरता विसरूनच जा. अशी चार-पाच गणितं हातानं सोडवा, नुसती वाचून डोक्यात बसत नाहीत.

दंडाच्या कलमांत गोंधळ होतो तो टक्के कशाचे यावरून. प्रकल्पाची नोंदणी न करणाऱ्या बिल्डरला प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड. खोटी माहिती दिली तर 5 टक्क्यांपर्यंत. एजंटाला कलम 62 खाली रोज 10,000 रुपये, आणि तो दंड वाढत जाऊन त्यानं विकून दिलेल्या प्लॉट किंवा फ्लॅटच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बिल्डरचा हिशोब प्रकल्पावर, आपला हिशोब सौद्यावर, एवढं धरून ठेवा. बाकी सुटे आकडे कार्डावर लिहून खिशात ठेवले तरी भागतं: खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात, ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तक्रारीपासून 30 दिवसांत दुरुस्ती, प्राधिकरणाच्या आदेशावर अपील 60 दिवसांत, आणि मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती.

भाषेची चूक कुणी मनावर घेत नाही, पण ती महागात पडते. परीक्षा मराठीत देता येते, इंग्रजीतही. आपली पोरं हिंदी-इंग्रजी व्हिडिओ बघून तयारी करतात आणि अर्जात मराठी निवडतात. मग पडद्यावर "प्रवर्तक" दिसला की अडखळतात. प्रवर्तक म्हणजे आपला बिल्डर, वाटपग्राही म्हणजे घर घेणारा, चटई क्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, स्थावर संपदा म्हणजे रिअल इस्टेट. चटई क्षेत्र वाचून काकांना एफएसआय (जागेवर किती बांधकाम करता येतं तो चटई क्षेत्र निर्देशांक) आठवला आणि येत असलेलं उत्तर गेलं. ज्या भाषेत वाचलंत त्याच भाषेत पेपर द्या. मराठीतच द्यायचा असेल तर कायद्याची मराठी प्रत आधी दोनदा वाचून काढा.

अर्जातल्या चुका थोडक्यात. आधी 20 तासांचं प्रशिक्षण, मग परीक्षा, हा क्रम चुकवता येत नाही. आधारवर नाव जसं आहे अगदी तसंच अर्जात भरा. आपल्याकडं वडिलांच्या नावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं असतं, ते परीक्षेच्या आधीच सरळ करून घ्या.

पास झाल्यावरची चूक मात्र सगळ्यांत वाईट. प्रमाणपत्र हातात आलं की लोक पेढे वाटतात आणि विसरतात. प्रमाणपत्र वेगळं, एजंट म्हणून नोंदणी वेगळी. नव्या माणसानं प्रमाणपत्र जोडून नोंदणीचा अर्ज करायचा, फी व्यक्तीला 10,000 रुपये. ज्याची नोंदणी आधीपासून आहे त्यानं प्रमाणपत्र महारेराच्या पोर्टलवर आपल्या प्रोफाइलला चढवायचं. जुन्या एजंटांना त्यासाठी 1 जानेवारी 2024 ची मुदत होती, आणि नंतर राज्यभरात सुमारे 20 हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली. नोंदणी पाच वर्षं चालते, नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी करावा लागतो. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. व्हिजिटिंग कार्डावर आणि जाहिरातीवर आपला नोंदणी क्रमांक आणि प्रकल्पाचा क्रमांक टाका. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा आहे, तो नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

काका तिसऱ्या रविवारच्या सराव पेपरात 62 वर गेले. परवा त्यांनी आपलं इसार पावतीचं जुनं पुस्तक माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि म्हणाले, "यात दहा टक्क्यांची ओळ कुठं छापायची, ते सांगा."