माऊस जीएम-सीएसएफ काम करत नव्हतं, ते कसं सुटलं

उंदराच्या बोनमॅरोपासून डेंड्रिटिक सेल्स (रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार) वाढवताना आमच्याकडे सीडी११सी (या सेल्सची ओळख पटवणारं प्रोटीन) पॉझिटिव्ह सेल्स एकदम कमी यायला लागले, मीडिया बदलला, सीरम बदललं, फरक शून्य. रिकॉम्बिनंट माऊस जीएम-सीएसएफवर, म्हणजे हे सेल्स वाढवायला घालतो त्या ग्रोथ फॅक्टर प्रोटीनवर, शेवटी संशय गेला, कारण नवीन वायल कॅरियर-फ्री होती म्हणजे त्यात बीएसए (गाईच्या रक्तातलं ॲल्ब्युमिन प्रोटीन) नसतं, आणि असं प्रोटीन पातळ करून ठेवलं की ते ट्यूबच्या प्लास्टिकला चिकटून बसतं, मग तुम्ही २० नॅनोग्राम प्रति मिली टाकताय असं वाटतं पण सेल्सपर्यंत पोचतं कितीतरी कमी!

मग आणखी एक नवीन वायल घेतली. उघडायच्या आधी थोडं स्पिन केलं, पावडर झाकणाला लागलेली असते ना. स्टराईल पीबीएसमध्ये (क्षारांचं बफर) ०.१% बीएसए घालून १०० मायक्रोग्राम प्रति मिलीचा स्टॉक केला, व्होर्टेक्स अजिबात नाही, नुसतं हळू हलवायचं. लो-बाइंड ट्यूबमध्ये छोटे ॲलिकॉट (एकेका वापरापुरते वाटे) करून -८० अंश सेल्सिअसला, आणि एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही, हे खरंच पाळा. फक्त सेल्स पुढे सीरम-फ्री प्रयोगात किंवा प्राण्यात जाणार असतील तर बीएसए चालेल का ते आधी बघा.

जुना आणि नवीन स्टॉक एकाच बोनमॅरोवर, वेगवेगळ्या डोसमध्ये शेजारी शेजारी लावले, नवीन स्टॉकने सेल्स छान आले, जुन्याचा डोस वाढवला तेव्हा कुठे थोडे आले. आणि हो, लेबलवर माऊसच आहे ना बघा, ह्यूमन जीएम-सीएसएफ उंदराच्या सेल्सवर चालत नाही.